न थांबणारी गाडी

आमच्या घरात पितळेचा एक फिरकीचा तांब्या आहे. चांगला जाडजूड; शेर-दीड शेर पाणी सहज मावेल असा. प्रवासात पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून असले तांब्ये पूर्वी घरोघर असत. आता ते जुन्या बाजारात शोभेची वस्तू म्हणून मिळतात. आमचा मात्र विकायचा नाही आणि त्यातून पाणीही प्यायचे नाही, असा घरचा दंडक आहे. दर दिवाळीच्या आधी सारी पितळेची भांडी चिंच लावून घासायला निघतात तेव्हा हाही निघतो, लखलखीत होतो आणि पुन्हा आपल्या फळीवर जाऊन बसतो. गेल्या दिवाळीत नातवाने तो नाकाशी धरला आणि विचारले, "आजोबा, ह्याला कसला वास येतो?"

वास कसला येणार! नव्वद वर्षे होऊन गेली. पण मी म्हटले, "पेट्रोलचा."

सूनबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की म्हाताऱ्याचे आता कठीण आहे. तेव्हा ही गोष्ट एकदा नीट लिहून ठेवावी असे मनात आले. दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र नेमके त्याच सुमारास यावे, हा योगायोगच म्हणायचा.

लहानपणी मला ह्या तांब्याची लाज वाटे. माझे आजोबा देशावरच्या एका लहानशा संस्थानात खासगीकडे मोटार-ड्रायव्हर होते. सारा गाव त्यांना तोंडावर आबा म्हणे आणि पाठीमागे 'तांब्या ड्रायव्हर' म्हणे. शाळेत पोरे माझ्या वडिलांना त्यावरून चिडवीत, पुढे मलाही चिडवीत. कारण गावात सर्वांना पाठ असलेली गोष्ट अशी, की सरकारांची मोटार जन्मात कधी थांबली नाही. थांबली ती एकदाच, आंबा घाटात, आणि तीही ड्रायव्हरला तांब्या घेऊन जावे लागले म्हणून. गावातला एक वकील हे फार रंगवून सांगे. "विलायतेच्या कारागिरीनं हात टेकले नाहीत हो," तो म्हणे, "हात टेकले ते आमच्या गावच्या पोटानं."

ह्या मोटारीचे नाव मी लिहिणार नाही, आणि संस्थानाचेही नाही. तसे मी कबूल केले आहे. गाडी इंग्रजी, लांबलचक, काळी आणि अतिशय नामांकित होती, एवढे पुरे. १९२६ च्या सुमारास ती आली. तिच्याविषयी गावात काय काय बोलत! तिचे बॉनेट कंपनीने मोहोरबंद करून धाडले आहे. कोणी ते उघडले तर कंपनी गाडी परत नेते. चालू इंजिनावर बंदा रुपया उभा केला तरी तो पडत नाही. आम्ही मुले ह्या गोष्टी आरती म्हणावी तशा एकमेकांना म्हणून दाखवीत असू. गाडी आमच्या वेळेपर्यंत केव्हाच विकून गेली होती, पण त्याने काय अडते?

पुढे वाचू लागलो तेव्हा कळले, की मोहोरबंद बॉनेटची ही कथा रोल्स-रॉइस मोटारीविषयी साऱ्या जगात सांगतात आणि साऱ्या जगात ती खोटी आहे. ज्या मोटारीचे तेलपाणी रोज पाहावे लागे, तिचे बॉनेट मोहोरबंद करून चालेल कसे? रुपयाची गोष्ट मात्र खोटी नाही; विकणारे लोक रेडिएटरवर नाणे उभे करून गिऱ्हाइकाला दाखवीत असत. अलवारच्या महाराजांनी दुकानात अपमान झाला म्हणून रोल्स-रॉइस गाड्या विकत घेऊन कचरा वाहायला लावल्या, ही आणखी एक कथा. तीच भरतपूरच्या नावावर सांगतात, हैदराबादच्याही सांगतात. कागदोपत्री आधार मला कुठे आढळला नाही. सर्वांत मजेची कथा मात्र निराळीच आहे. एक इंग्रज गृहस्थ आपली रोल्स-रॉइस घेऊन युरोपात हिंडत असता डोंगरात तिचा ॲक्सल तुटतो. तो कंपनीला तार करतो. दोन माणसे नवा ॲक्सल घेऊन येतात, बसवतात आणि निघून जातात. महिने लोटतात, बिल येत नाही. शेवटी गृहस्थ स्वतःच चौकशी करतो. उत्तर येते, की आमच्या गाडीचा ॲक्सल तुटल्याची कोणतीही नोंद आमच्या दप्तरी नाही.

ही कथाही बहुधा रचलेलीच असावी. सांगणाराप्रमाणे तिच्यातला देश बदलतो, म्हणून मला तसे वाटते. पण ती रचणाऱ्याला माणसांची पारख होती खास. पुढे आबांची हकीकत येईल तेव्हा ती मला का आवडते हे तुमच्या ध्यानात येईलच.

तरी रोल्स-रॉइसचा दबदबा नुसत्या गप्पांवर उभा राहिला असे समजू नये. हेन्री रॉइस हा पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. लहानपणी वर्तमानपत्रे विकून पोट भरलेला. १९०३ साली त्याने एक जुनी फ्रेंच मोटार घेतली, तिच्या खोड्या त्याला पाहवेनात, म्हणून १९०४ मध्ये त्याने स्वतःच एक मोटार बनवली. त्याच वर्षी मँचेस्टरच्या एका हॉटेलात चार्ल्स रोल्स ह्या उमरावाच्या मुलाशी त्याची गाठ पडली. त्या दोघांचा कारभार पाहणारा क्लॉड जॉन्सन हा तिसरा माणूस. त्याचे नाव गाडीवर नाही, पण लौकिक पुष्कळसा त्याने घडवला. १९०७ साली त्याने सहा सिलिंडरांची एक गाडी रुपेरी रंगात रंगवून घेतली, तिचे 'सिल्व्हर घोस्ट' असे नामकरण केले आणि ती लंडन व ग्लासगो यांच्या दरम्यान पळवायला सुरुवात केली. रविवार सोडून रात्रंदिवस. देखरेखीला रॉयल ऑटोमोबाइल क्लबची माणसे. एकंदर १५,००० मैल. मग गाडी सुटी करून प्रत्येक भाग मोजून पाहिला, आणि झिजलेले भाग बदलायला खर्च आला दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एका ओळीपाशी अडखळलो. गाडी थांबली होती! ६२९ मैल झाल्यावर हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली, आणि जगातली सर्वोत्तम मोटार रस्त्यात उभी राहिली. तोटी उघडली, गाडी निघाली. त्यापुढचे १४,३७१ मैल मात्र ती आपण होऊन थांबली नाही. टायर बदलण्यासाठी थांबणे ह्या हिशेबात धरीत नसत, हेही जाता जाता सांगून टाकतो. मला त्या तोटीने फार समाधान दिले. आणि ती गोष्ट लपवून न ठेवता मैलासकट टिपून ठेवणाऱ्या कारकुनाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

रॉइसची दुसरी एक गोष्ट मला आवडते. त्याने ह्या गाडीत ठिणगी पाडण्याची व्यवस्था दुहेरी ठेवली होती. प्रत्येक सिलिंडरला दोन दोन प्लग. मॅग्नेटो रुसला तर कॉइल आहे, कॉइल रुसली तर मॅग्नेटो आहे. म्हणजे गाडी थांबली नाही याचा अर्थ तिच्यात काही बिघडले नाही असा नव्हे. बिघडले असेल, पण आत बसलेल्याला ते कळले नाही. रॉइसला स्वतःच्या कोणत्याच भागाचा पुरता भरवसा नव्हता, म्हणून जगाला त्याच्या गाडीचा भरवसा वाटला.

ह्या गाडीचा आपल्याकडच्या घाटांशीही संबंध आहे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी झाली. तीत 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची एक सिल्व्हर घोस्ट ६२० मैल घाटवाटांतून निर्वेधपणे धावली आणि पहिली आली. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. त्या काळचे आपले रस्ते डोळ्यांपुढे आणा. खडी आणि धूळ. मधूनच बैलगाड्यांची रांग, आणि मोटार पाहून उधळलेले बैल. आपल्या संस्थानिकांनी पुढे ह्या गाड्यांची एवढी हौस का केली, ते ह्या कसोटीवरून थोडे समजते. पण चार वर्षांनी, १९१२ मध्ये, आल्प्स पर्वतातल्या शर्यतीत जेम्स रॅडली नावाच्या गृहस्थाची रोल्स-रॉइस कात्शबर्गच्या चढावर अडली. गिअर तीनच, आणि सर्वांत खालचा गिअरही त्या चढाला पुरेना. कंपनीने तेव्हा काय केले? चार गिअरांच्या गाड्या तयार केल्या आणि १९१३ साली त्याच पर्वतात जाऊन नाव परत मिळवले. अब्रू गेली तिथेच जाऊन ती परत आणायची, ही रीत मला आपल्याकडच्या जुन्या माणसांसारखी वाटते.

मोठे नाव आणि चांगली चाल यांची गाठ नेहमीच पडते असेही नाही. इंग्लंडच्या राजघराण्याची पसंती १९०० पासून चांगली पन्नास वर्षे डेम्लरला होती. १९०९ पासून डेम्लरने ज्या तऱ्हेचे इंजिन घेतले ते मांजरासारखे मुके असे खरे, पण तेल फार पिई आणि मागे निळसर धूर सोडी. राजाच्या मागून धूर निघाला तर त्याला धूर कोण म्हणणार! फ्रान्समध्ये बुगाटीने 'रोयाल' नावाची अवाढव्य मोटार खास राजेलोकांसाठी काढली. इन मीन सहा तयार झाल्या आणि एकाही राजाने घेतली नाही. त्यांच्यासाठी बनवलेली उरलेली इंजिने शेवटी आगगाडीच्या डब्यांना जोडली. मला तर वाटते, त्या इंजिनांचा तोच खरा भाग्योदय. निदान चार माणसांना वेळेवर घरी तरी पोहोचवले.

असो. मोटारींच्या पुराणात आबा मागे राहिले.

आबा मूळचे मुंबईच्या एका कारखान्यात फिटर. सरकारांनी त्यांना गाडीसाठी मुद्दाम आणले. गाडीबरोबर एक गोरा मिस्त्री आला होता, तो तीन महिने राहिला आणि आबांना सारे शिकवून गेला. विलायतेत रोल्स-रॉइस कंपनीने शोफर लोकांसाठी शाळाच चालवली होती आणि तिचे तपासनीस मालकांच्या घरी जाऊन गाड्या पाहून येत असत. नाव कसे राखावे हे त्या लोकांना कळत होते. आमच्या संस्थानात शाळा, तपासनीस, सारे आबाच. ते पहाटे चारला उठत. गाडीच्या अंगावर ठिकठिकाणी ग्रीसच्या लहान वाट्या असत. त्यांतली प्रत्येक रोज थोडी पिळायची. तेलाची बुधली घेऊन सांधा न् सांधा भिजवायचा. पेट्रोल तेव्हा दोन गॅलनच्या डब्यांतून येई, ते मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतायचे. आंघोळ होऊन सरकार सज्जात येत तेव्हा गाडी पुसून उभी असे आणि आबांच्या हाताला डाग नसे. हात धुवायला त्यांना गाडी धुण्याइतकाच वेळ लागे, असे आजी सांगे. सरकारांच्या दृष्टीने गाडीला कधी काही लागतच नसे. मोहोरबंद बॉनेटची अफवा गावात कोणी उठवली, याबद्दल माझा आबांवरच संशय आहे.

आता एक थोडी यंत्राची गोष्ट सांगतो; ती कळल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. त्या काळच्या पुष्कळ भारी गाड्यांत पेट्रोलची मोठी टाकी मागे, खालच्या अंगाला असे. ते पुढे चढवायला पंप नसे. बॉनेटखाली उंचावर एक छोटी टाकी बसवलेली असे. इंजिन हवा आत ओढते, त्या ओढीनेच मागचे पेट्रोल ह्या छोट्या टाकीत खेचले जाई आणि तिथून आपल्या वजनाने कार्बोरेटरमध्ये उतरे. युक्ती नामी होती, पण तिच्यात एक ग्यानबाची मेख होती. ॲक्सिलरेटर पुरता दाबला की ही ओढ ढिली पडते. सपाटीवर असे कोणी फार वेळ दाबून धरीत नाही. पण लांबलचक घाट असला आणि पाय दाबलेलाच राहिला, तर छोटी टाकी रिती होत जाते आणि भरत नाही. जाणता ड्रायव्हर मधून मधून पाय उचली. क्षणभरच, आत बसलेल्याला तो झोका वाटे. तेवढ्यात टाकी भरून घेई.

१९३४ सालचा मे महिना. सरकार, युवराज आणि दुसऱ्या एका संस्थानचे अधिपती रत्नागिरीहून परत येत होते. ह्या पाहुण्यांची मुलगी युवराजांना सांगून आली होती. बोलणी अर्ध्यावर होती. पाहुणे मोठे हिशेबी. स्वतः साधी फोर्ड वापरीत आणि ती फार चांगली चालते असे दर मैलाला सांगत. सरकार हसून म्हणत, "आमची गाडी आजवर थांबलेली नाही." साखरप्यास चहा झाला. घाट समोर दिसू लागला तेव्हा युवराजांनी चाक मागितले. भावी सासरे मागे बसलेले; वय वीस. आबा शेजारी सरकून बसले.

युवराजांनी पाय जो दाबला तो उचललाच नाही. आबा मला म्हणाले होते, "इंजिनाचा श्वास आखूड व्हायला लागला की माझ्या पायाच्या तळव्याला कळे." ते हळूच म्हणाले, "युवराज, जरा पाय हलका करावा." युवराज मान ताठ ठेवून पुढे पाहत होते. दोन वळणांनी आबा पुन्हा म्हणाले. तिसऱ्या वळणावर, अगदी चढाच्या मध्यावर, इंजिन दोनदा खाकरले आणि गेले.

दिवस मावळत आला होता. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला कडा. युवराजांनी ब्रेक दाबून धरला होता आणि त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. मागून पाहुण्यांचा आवाज आला, "का हो, थांबली?"

आबा खाली उतरले. मागच्या दारापाशी जाऊन हात जोडून म्हणाले, "गुन्हा माफ असावा, सरकार. मीच युवराजांना थांबवायला सांगितलं. पोटात कळ आलीय. जरा जाऊन येतो."

चाकांना दगड लावून त्यांनी पायाशी ठेवलेला आपला तांब्या उचलला आणि ते गाडीच्या मागे गेले. पेट्रोलचा जादा डबा दरीच्या अंगच्या फूटबोर्डावर बांधलेला असे. तो वाकून सोडवला. तांब्यातले पाणी गवतात ओतले, आतून धोतराच्या सोग्याने कोरडा केला, भरला आणि फिरकी लावली. पोट दुखणाऱ्या माणसाला लागेल तेवढा वेळ ते मुद्दाम तिथेच बसून राहिले. मग पुढे येऊन म्हणाले, "थांबलोच आहोत तर इंजिनाला पाणी दाखवून घेतो," आणि बॉनेट उघडले.

छोट्या टाकीच्या माथ्यावर एक बूच असते, ते काढून पेट्रोल ओतता येते. पण तिथून थोड्याच अंतरावर एक्झॉस्टची नळी घाटभर तापून निघालेली. एक थेंब तिच्यावर पडला असता, तर गाडीची आणि आबांची दोघांचीही गोष्ट तिथेच आटोपली असती. धार करंगळीपेक्षा बारीक धरून ते ओतत होते. एवढ्यात पाय मोकळे करायला पाहुणे उतरले. त्यांनी सिगारेट पेटवली आणि ही जगप्रसिद्ध गाडी आतून दिसते तरी कशी हे पाहायला ते बॉनेटकडे येऊ लागले.

"जवळ येऊ नये, सरकार!" आबा ओरडले. संस्थानिकावर ड्रायव्हर ओरडला! मग त्यांनी आवाज खाली आणला. "वाफ आहे. अंगावर येईल."

पाहुणे थांबले. बूच बसले, बॉनेट मिटले. आबांनी हँडल मारले आणि इंजिन पहिल्याच फेऱ्याला लागले. युवराज काही न बोलता बाजूला सरकले. उरलेला घाट आबांनी चढवला, दर वळणाला पाय उचलीत. वर आंबा गाव आले तेव्हा पाहुणे सरकारांना म्हणाले, "गाडी उत्तम. नोकर मात्र बदला."

सरकारांना बदलावा लागला. पाहुण्यांसमोर ड्रायव्हरने आपल्या पोटासाठी गाडी थांबवली, वर ओरडला. खपवून कसे घ्यायचे? दुसऱ्या दिवशीपासून आबा खासगीच्या गाडीवरून निघाले आणि गवत वाहणाऱ्या लॉरीवर गेले. पगार निम्म्यावर आला. सोयरीक जमली, लग्न थाटात झाले आणि सूनबाई सुखाने नांदल्या. लग्नाच्या वरातीत गाडीला फुले माळली होती आणि तिच्या मागून लॉरीत केळीचे खांब घेऊन आबा चालले होते. गावभर 'तांब्या ड्रायव्हर' हे नाव झाले ते त्याच दिवशी. गाडीवर आलेला नवा पोरगा रात्री गुपचूप आमच्या घरी येई. "आबा, आज गुरगुरतेय." मग आबा कंदील घेऊन जात. "गाडीचा काय दोष?" असे आजीला सांगत.

१९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वर्षभराने सरकारांनी गाड्या विकायला काढल्या. मुंबईचा व्यापारी यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आबांना बोलावून घेतले. तबेल्यासमोरच्या कट्ट्यावर सरकार एकटेच बसले होते. बराच वेळ दोघेही गाडीकडे पाहत राहिले. मग सरकार म्हणाले, "आबा, त्या दिवशी घाटात तांब्यात काय होतं?"

"पाणी, सरकार," आबा म्हणाले.

सरकारांनी मान हलवली. उठताना त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला, असे आबांनी मला सांगितले, दोनदा सांगितले.

मला हे त्यांनी १९६६ साली सांगितले, शेवटच्या आजारात. मी कॉलेजातून सुटीला आलो होतो आणि मोटारींवरचे एक इंग्रजी पुस्तक त्यांच्या उशाशी बसून वाचत होतो. चित्रे पाहता पाहता ते बोलू लागले. मी चिडलो. म्हटले, "आबा, बत्तीस वर्षं गाव हसलं. बाबांनी शाळेत मार खाल्ला. एका शब्दानं सांगायचं होतं!" ते म्हणाले, "कुणाला सांगायचं? गाडी थांबली म्हणून सांगायचं, की युवराजांना चालवता आली नाही म्हणून? गाडी माझ्या हातातली होती रे." थोड्या वेळाने म्हणाले, "नाव मात्र कुठं लिहू नकोस. तिचं नाव चांगलं आहे."

आजीला मी विचारले तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मला त्याच रात्री कळलं होतं. तांब्या मीच घासते ना? पोटाच्या तांब्याला असला वास येतो होय!" आणि तव्यावरची भाकरी उलटून तिने विषय संपवला. त्यातून पाणी प्यायचे नाही हा दंडक तिचाच.

वडिलांना सांगायचा धीर मला आबा गेल्यावर आला. ते शाळामास्तर, जन्मभर मोटारीत बसायचे टाळले, पायी नाही तर एस.टी.ने गेले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि काहीच बोलले नाहीत. त्या वर्षी दिवाळीची भांडी घासायला निघाली तेव्हा आईच्या हातातून त्यांनी तो तांब्या घेतला आणि अंगणात बसून दुपारपर्यंत घासला. बुडाशी एक पोचा आहे, त्याच्यावरून ते कितीदा तरी अंगठा फिरवीत होते.

दोन वर्षांपूर्वी मुंबईला जुन्या मोटारींचा मेळावा पाहायला गेलो होतो. तिथे त्याच नावाची, त्याच घडणीची एक गाडी उभी होती. तीच असेल असे मी म्हणत नाही. भोवती ही गर्दी. मालक, तरुण आणि मोठा आनंदी माणूस, पुन्हा पुन्हा सांगत होता, "शंभर वर्षांची होईल. अजून कधी दगा दिला नाही." पुढच्या चाकाशी खाकी कपड्यांतला एक मिस्त्री उकिडवा बसला होता. इंजिनाखाली तेलाचे थेंब झेलायला ठेवलेले एनॅमलचे ताट त्याने पायानेच चाकामागे सारले, ते मी पाहिले. मी काठी टेकीत त्याच्याजवळ गेलो आणि हळूच विचारले, "येताना वाटेत थांबली होती का हो?"

त्याने आधी मालकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. हातातल्या बोळ्याने बोटे पुसली. त्याच्या उजव्या बाहीला पेट्रोलचा भपकारा येत होता.

"नाही साहेब," तो म्हणाला, "मीच थांबवली होती. चहा प्यायचा होता."